चुलवाणातला आवाज

पडदा पूर्ण काळा झाला आणि त्या काळोखातून एका बाईचा आवाज आला. माझ्या मांडीवर त्याच चित्रपटावरून मी लिहिलेल्या कादंबरीची कच्ची मुद्रिते होती, आणि कादंबरीत तो आवाज पुरुषाचा होता.

"आलो... आलो... जाळ काढा," बाई म्हणाली.

कोल्हापुरातल्या त्या चित्रपटगृहात सकाळच्या खासगी खेळाला जमलेली मोजकी माणसे खुर्च्यांत आखडून बसली. माझ्या पुढच्या रांगेतल्या वितरकाने दोन्ही पाय हळूच वर घेतले. मी मात्र त्या वाक्याचे क्रियापद तपासत राहिलो. आवाज बाईचा, क्रियापद पुल्लिंगी. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हा प्रश्न त्या क्षणी मला भुतापेक्षा गंभीर वाटला. पुस्तक छापायला जाणार होते आणि त्यातले शेवटचे संपूर्ण प्रकरण एका पुरुषाच्या भुतावर उभे होते.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे आणि 'भुजंगनाथ' या टोपणनावाने भयकथा लिहीत असे. भुतांवर माझा विश्वास नव्हता; आजही नाही. ज्याला भूत दिसत नाही त्यालाच त्याचे वर्णन नीट जमते, असे माझे प्रकाशक श्रीपादराव मुजुमदार म्हणत, आणि हे ते कौतुक म्हणून सांगत की माझ्याकडून आणखी काम काढण्यासाठी, याचा छडा मला कधी लागला नाही. चित्रपट ज्या शुक्रवारी लागेल त्याच शुक्रवारी त्याची कादंबरी चित्रपटगृहाच्या दारात विकायची, ही कल्पना त्यांचीच. पडद्यासमोर घाबरलेला माणूस बाहेर पडताना तीच भीती बरोबर न्यायला बघतो, कारण घरी ती हवी तेव्हा मिटून फळीवर ठेवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. मी उत्तरपत्रिका तपासून इतका शिणलो होतो की नकाराची कारणे शोधण्यापेक्षा होकार देणे सोपे वाटले.

चित्रपटाचे नाव 'चुलवाण'. गुऱ्हाळात उसाचा रस ज्या प्रचंड काहिलीत उकळतात तिच्याखाली जमिनीत खणलेली भट्टी म्हणजे चुलवाण. कथा साधी होती. वर्षानुवर्षे बंद पडलेले एक गुऱ्हाळ मुंबईहून आलेला तरुण वारस पुन्हा सुरू करतो, आणि चुलवाण पेटले की खालून आवाज येऊ लागतो. दिग्दर्शक हिंदूराव मगदूम यांनी पुण्याला पाठवलेली पटकथा कार्बन कागदावरची होती. तिच्यात त्या पात्राच्या नावाच्या जागी फक्त 'आवाज' असे लिहिलेले आणि पुढे संवाद. चित्रपटाचे संकलन अजून चालू असल्याने मला तो पाहता आला नव्हता. 'आलो' हा शब्द कागदावर वाचून मी तो आवाज पुरुषाचा धरला. मालकाने जिवंत जाळलेला एक गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, कल्पिला, त्याला रामा असे नाव दिले, त्याच्या सूडाला कारण दिले, आणि प्रकरण बेतशीर झाले असे मला वाटलेही होते.

चित्रपटावरून कादंबरी लिहिणारा माणूस नेहमीच तोट्यात असतो. चित्रपटाला अंधार हवा तर दिवे घालवले की भागते. मला तो शब्दाशब्दाने रचावा लागतो आणि प्रत्येक शब्दाबरोबर तो थोडा उजळतो. उलट चित्रपटाला वास नसतो. साखर करपताना नेमके काय होते हे मला ठाऊक असल्यामुळे करपल्या गुळाच्या वासावर मी सबंध एक प्रकरण तोलले होते, आणि तेवढ्यापुरते पुस्तक चित्रपटाच्या पुढे होते. पण त्या सकाळी मला एक निराळाच फरक दिसला. चित्रपट चेहरा लपवू शकतो, आवाज लपवू शकत नाही. मराठी गद्याचे उलटे आहे. तिथे चेहरा आणि आवाज दोन्ही झाकता येतात, पण क्रियापद झाकता येत नाही. कुणी 'आला' की 'आली', हे लेखकाला पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे लागते.

आणखी एक गोष्ट मला जाणवली. तो आवाज भेसूर नव्हता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याला घुमारा दिलेला होता, तरी मूळ सूर लपत नव्हता. हातातले काम अर्धवट टाकून दाराशी यायला निघालेल्या बाईचा असतो तसा तो घाईचा, थोडा वैतागलेला, रोजचा सूर होता. लोक घाबरले ते बहुधा त्यामुळेच.

खेळ संपल्यावर मी हिंदूरावांना गाठले. चाळिशीच्या आतबाहेरचा, बारीक चणीचा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला माणूस. मी त्यांना माझी अडचण सांगितली आणि म्हटले, की माझ्या कादंबरीत हा आवाज पुरुषाचा झाला आहे, तेव्हा शेवटचे प्रकरण बदलावे लागेल. दिग्दर्शक संतापेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी मुद्रिते हातात घेतली, उभ्याउभ्या दोन पाने वाचली, आणि त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"बाप्या केलासा व्हय," ते म्हणाले. "बरं झालं की, सर. हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

"काय ऱ्हाऊ दे?" मागून कुणीतरी विचारले.

मी वळून पाहिले. मघाचा पडद्यावरचा आवाज माझ्यामागे उभा होता. नऊवारी नेसलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई होती. हिंदूरावांनी तुटक शब्दांत ओळख करून दिली. ही त्यांची थोरली बहीण, मालन. सिनेमातला आवाज तिचाच. नट्या बोलावून पाहिल्या पण एकीलाही जमले नाही. मालनबाईंनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिले, मग भावाकडे.

"घरी चला, सर," त्या म्हणाल्या. "च्या करतो मी. मग निवांत सांगा काय बाप्या केलाय ते."

'करतो' हा शब्द कानावर पडला आणि माझे कोडे सुटले. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना 'मी करतो', 'मी आलो' असे म्हणतात, हे मला ऐकून माहीत होते. पुण्यात त्यावर विनोदही होत. पण माहिती असणे आणि ती कागदासमोर बसल्यावर आठवणे यांत अंतर आहे, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मी ते अंतर रोज पाहत असे. पटकथा कोल्हापुरात लिहिली गेली होती. लिहिणाऱ्याला 'आलो' म्हणणारी बाई आहे हे वेगळे सांगण्याची गरजच वाटली नव्हती.

घर दोन खोल्यांचे होते. मालनबाईंनी चहा दिला आणि ते शेवटचे प्रकरण वाचून दाखवायला सांगितले. स्वतःच्या भयकथा मोठ्याने वाचण्याची मला सवय नव्हती. दिवसाउजेडी, चहाच्या कपासमोर, रामा गुळव्याचे भूत फारच बापुडवाणे वाटू लागले. हिंदूराव खिडकीशी बसून नखे कुरतडत होते. मी 'तो आवाज गरजला, "मी आलो!"' या वाक्यापाशी आलो तेव्हा मालनबाईंनी हात वर केला.

"ह्यातलं 'मी' कुटनं आणलं?"

मी म्हणालो की ते मीच घातले. मूळ संवादात नुसते 'आलो' होते; भूत परतून आले आहे हे ठसण्यासाठी 'मी' लागत होते.

"गरजला म्हंजे?"

मी म्हणालो की भूत गरजते असा वाचकांचा समज असतो.

"ह्यो हिंद्याबी तेच सांगत हुता रेकॉर्डिंगला. आक्का, जरा भेसूर काढ. आक्का, वरड. मी म्हटलं, कामावरच्या बाईला हाक मारली तर ती भेसूर बोलती व्हय रं?"

"आक्का," हिंदूराव म्हणाले. "सरांची गाडी हाय दुपारची."

मालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. माझ्या हातातल्या पानाकडे पाहत त्या म्हणाल्या, "सर, ती परत आल्याली न्हाई. ती भायेर येत हुती."

हिंदूराव उठून उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. मग मालनबाईंनी सांगितले ते असे.

त्यांची आई तानूबाई एका गुऱ्हाळावर चुलवाणाच्या कामाला होती. सकाळी चुलवाण थंड असताना ती मागच्या बाजूच्या लहान तोंडातून आत शिरून रात्रीची राख ओढून काढी, आणि बाहेर उभी असलेली मालन ती पाटीतून नेऊन टाकी. हिंदूराव तेव्हा पाळण्यात होते. त्या दिवशी रस लवकर तयार झाला, काहील भरली, मालक स्वतः येऊन उभा राहिला. मुकादमाने हाक मारली, "तानू, भायेर ये." आतून आईने उत्तर दिले, "आलो, आलो." पुढच्या तोंडाशी असलेल्या माणसांनी ते ऐकले, आणि मालकाच्या धाकाने ती बाहेर पडण्याची वाट न बघता पेटती चिपाडे आत सारली. त्यानंतर आई जे बोलली ते 'जाळ काढा' एवढेच होते. संध्याकाळपर्यंत गावात ठरून गेले की तानूने जीव दिला. आदल्या दिवशी नवऱ्याशी तिचे भांडण झाले होते आणि ते सगळ्या आळीने ऐकले होते, त्यामुळे कारणही तयार होते. पोराबाळांना काय कळतंय, म्हणून मालनला कुणी काही विचारले नाही.

मी माझ्या सवयीने प्रश्न विचारले. मालन तेव्हा कुठे उभी होती, आतला आवाज तिथवर नीट येत होता का, हाक आणि उत्तर यांचा क्रम उलटा तर नसेल. असे प्रश्न कुणाच्या आईच्या मरणाविषयी विचारणे शोभत नाही हे मला कळत होते. पण दुसऱ्या कोणत्याही रीतीने ऐकून घेणे मला येत नव्हते. मालनबाईंनी प्रत्येकाचे उत्तर दिले. मला वाटते, इतक्या वर्षांत ते प्रश्न कुणीतरी विचारावेत याचीच त्या वाट पाहत होत्या.

"तुमी शास्त्राचं मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमीच सांगा. जीव द्यायला आत गेल्याली बाई हाकंला 'आलो' म्हनंल का?"

"एका शब्दावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणालो. "पण गावानं जे सांगितलं त्याच्याशी तो शब्द जुळत नाही. एवढं नक्की."

"मग तेवढंच लिवा."

"कशाला लिवायचं?" उंबऱ्यावरून हिंदूराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शब्द घासून येत होते. "सिनेमात ते हाय की. अंधारात भूत बोलतंय, लोकं भितात आन् घरी जातात. मागं वळून कोन बघतंय? पुस्तकाचं तसं न्हाई, सर. पुस्तकात मानूस पान उलटं फिरवतो, परत वाचतो, शेजाऱ्याला दावतो. जीव दिल्याल्या बाईचं पोर म्हनून मोठा झालोय मी. आत्ता कुटं लोकं इसरून मला डायरेक्टर म्हनाय लागलेत."

पुस्तक आणि चित्रपट यांच्यातला फरक इतक्या थोडक्यात मी कुठे वाचलेला नाही. आणि त्यांचे म्हणणे पुढे खरेही ठरले. त्या चित्रपटाची एकही प्रत आज कुणाजवळ नाही. पुस्तक मात्र जुन्या वाचनालयांच्या फळीवर अजून कधी कधी सापडते.

मालनबाई भावाला म्हणाल्या की सिनेमात काय आहे ते त्यांना सांगू नये. "तुज्या सिनेमात हाक कुटं हाय? नुसतं उत्तर हाय. हाक न्हाई म्हटल्यावर उत्तर भुताचं हुनारच की."

पटकथेतून मुकादमाची हाक हिंदूरावांनीच काढून टाकली होती, असे मला नंतर कळले. आवाज कुठून येतो, का येतो, हे प्रेक्षकाला न कळणे भयपटाला सोयीचे असते, आणि या ठिकाणी ते दिग्दर्शकालाही सोयीचे होते. त्यांनी कथेसाठी आईचे मरण घेतले होते आणि ते कुणाला ओळखू येणार नाही इतके कापले होते. यात दुष्टपणा नव्हता. ओझे खाली न ठेवता हलके करण्याचा तो एक मार्ग होता.

मी अडचणी मांडल्या. मालकाचे घराणे गावात आहे, प्रकाशक घाबरेल. मालनबाईंनी त्या ऐकून घेतल्या.

"नाव कुनाचंबी घाला, सर. गाव कुटलंबी घाला. तानू म्हनू नका, गुऱ्हाळवाल्याचं नाव घेऊ नका. फकस्त बोलनं तिचं ठेवा. त्या सकाळी चुलवाणाच्या तोंडाशी जी मानसं हुती त्यातली काही हायत अजून. ती कशी बोलली ते त्यास्नी ठावं हाय. सिनेमाचं पुस्तक म्हटल्यावर त्यांच्या घरात बी जानार. त्यो शब्द बघितला की वळखतील. मला दुसरं काय नको."

मी दुपारची गाडी पकडली. वाटेत झोप आली नाही.

पुण्यात मी शेवटचे प्रकरण नव्याने लिहिले. रामा गुळव्याला त्याच्या सूडासकट काढून टाकले. त्याच्या जागी एक बाई आली. तिला मी सगुणा नाव दिले आणि गाव काल्पनिक ठेवले. कादंबरीत शेवटी वारस तरुणाला म्हातारा मुकादम सांगतो की आवाज आधी नव्हता, आधी हाक होती. आधी हाक, मग 'आलो, आलो', मग जाळ. मी कुठेही विशेषण लावले नाही. भूत गरजले नाही, किंचाळले नाही. 'ती म्हणाली' एवढेच लिहिले. मुजुमदारांनी ते वाचून तोंड वाकडे केले. यात भीती कुठे आहे, असे त्यांनी विचारले. भुताच्या पुस्तकात भूतच राहिले नाही. मी म्हणालो की भूत आहे, फक्त ते मेलेले नाही. हे वाक्य मलाही पुरते कळले नव्हते, पण त्यांना ते जाहिरातीसाठी आवडले आणि प्रकरण छापायला गेले. पहिली मुद्रिते मी स्वतः तपासली. 'आलो' जागेवर होते.

चित्रपट लागण्याच्या आदल्या दिवशी बांधणी होऊन प्रती आल्या. कोल्हापूरचे गठ्ठे न्यायला हिंदूराव टेम्पो घेऊन आले आणि त्यांच्याबरोबर मालनबाई. मुजुमदारांच्या कार्यालयात छापखान्याची शाई आणि खळ यांचा वास भरला होता. मालनबाई एका गठ्ठ्यावर बसल्या, एक प्रत उघडली आणि शेवटून पाने उलटत मागे आल्या. लहानपणीच शाळा सुटल्यामुळे त्या बोट ठेवून, ओठ हलवीत वाचत. हाकेपाशी बोट पोचले. पुढच्या ओळीवर थांबले.

"सर," त्या म्हणाल्या, "ही कोन?"

मी पुढे होऊन पाहिले. 'ती म्हणाली, "आले, आले."' खाली, जिथे तो शब्द पुन्हा आला होता, तिथेही 'आले'.

शेवटचे मुद्रित टिल्लू गुरुजींनी वाचले होते. निवृत्त मराठीचे शिक्षक. मुजुमदारांची सगळी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. ते कोपऱ्यातल्या मेजाशी बसलेले होते आणि विषय निघताच प्रसन्न झाले. त्यांनी मला सांगितले की प्रकरण चांगले उतरले आहे, पण एके ठिकाणी लिंगदोष राहून गेला होता, तो त्यांनी काढला. कर्ता स्त्रीलिंगी आणि क्रियापद पुल्लिंगी. माझ्यासारख्या माणसाच्या लिखाणात ते बरे दिसले नसते. मी म्हणालो की कोल्हापूरच्या बायका तसेच बोलतात.

"बोलत असतील," गुरुजी म्हणाले. "पण छापलेलं नसतं ना."

त्यांच्याशी भांडावे असे मला वाटेना. आयुष्यभर त्यांनी मुलींच्या वह्यांतले असे दोष काढले होते आणि त्यातल्या एकीनेही तक्रार केली नव्हती.

मालनबाईंनी पुस्तक मिटले. त्या रडल्या नाहीत. रागावल्यासारख्याही दिसल्या नाहीत. लांबचा प्रवास करून चुकीच्या गावी उतरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"बाई केलीसा, पर पुन्याची बाई केलीसा," त्या म्हणाल्या. "आता ती मानसं वाचतील आनी निवांत हुतील. म्हनतील, ही कुनी दुसरी."

मी मुजुमदारांना तो फर्मा, म्हणजे त्या पानांचा ताव, पुन्हा छापता येईल का असे विचारले. ते हसले नाहीत, इतके ते सभ्य होते. जुळवलेले खिळे सुटले होते, बांधणी झाली होती, उद्या खेळ होता. "एका कान्यासाठी?" त्यांनी विचारले. "अहो, एका कान्यासाठी सगळा फर्मा पुन्हा चढवू?"

मालनबाईंनी मान वर केली.

"काना म्हंजे नुसती उभी रेघ न्हवं?"

त्यांनी पुस्तक परत उघडून गुडघ्यावर ठेवले, 'ले' या अक्षरावर बोट टेकवले, आणि माझ्याकडे हात पुढे केला. त्यांना काय हवे आहे हे कळायला मला क्षणभर लागला. मी खिशातले पेन काढून दिले. मात्रा वर होतीच. अक्षराच्या उजव्या अंगाला त्यांनी वरून खाली एक रेघ ओढली. 'ले'चा 'लो' झाला. मग पुढच्या 'ले'ला. मग पुस्तक शाई वाळण्यासाठी उघडेच बाजूला ठेवून त्यांनी दुसरे घेतले.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि ते पान उघडून एकेक प्रत त्यांच्यापुढे धरू लागलो. टिल्लू गुरुजींनी चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. मुजुमदारांनी एकदा टेम्पोची आठवण करून दिली आणि मग आतल्या खोलीत निघून गेले. भिंतीशी पुण्यात विकायच्या प्रतींचे गठ्ठे वेगळे रचलेले होते. त्यांतही दुरुस्ती करायची का, असे मी विचारले.

"त्या ऱ्हाऊ द्या," मालनबाई म्हणाल्या. "हितं तिला कुनी ऐकलं न्हवतं."

हिंदूराव दारात उभे होते. टेम्पोवाला खालून भोंगा वाजवत होता. बहिणीला उठायला सांगण्यासाठीच ते आत आले असावेत, पण तिच्या शेजारी वाळत ठेवलेल्या प्रतींपैकी एक त्यांनी उचलली आणि उघडे पान वाचले. ते प्रकरण त्यांनी तोवर वाचले नव्हते. मुकादमाची हाक त्यांनी वाचली, तिच्याखालची ओळ वाचली, आणि मग पान उलटे फिरवून पुन्हा सुरुवातीपासून वाचले. वर्षभर ते त्याच शब्दांच्या ध्वनिपट्टीवर काम करीत होते. कापत होते, जोडत होते, घुमारा देत होते. आईचा आवाज मात्र त्यांच्या आठवणीत नव्हता.

"आई अशीच बोलायची?" त्यांनी विचारले.

"मग कशी बोलंल?" मालनबाई मान खाली घालूनच म्हणाल्या. "कोल्लापूरची हुती की."

भोंगा पुन्हा वाजला. हिंदूरावांनी खिडकीतून खाली बघून टेम्पोवाल्याला थांबायची खूण केली. परत येऊन ते बहिणीशेजारी जमिनीवर बसले, आणि टिल्लू गुरुजींच्या मेजावरचे पेन मागितले. गुरुजींनी ते दिले. हिंदूरावांनी ओढलेला पहिला काना तिरका आला. मालनबाईंनी तो पाहिला आणि पुढची प्रत त्यांच्यासमोर सरकवली.